रामरावच्या सुनेची फर्माईश

धनज गावामंदी लग्नात, बारशात, नाई तं मारोतीच्या देवळात कोनी गायले बसलं, का तो आंधी खांबाकडे पाहून घेते. देवाच्या भेवानं नाई. गोजराबाईच्या भेवानं.

बाई तोंडानं कायी बोलत नाई. खांबाले टेकून बसते, डोळे मिटते, अन् सूर जरासा घसरला का दाढ दुखल्यावानी तोंड करते. तेवढ्यानंच समोरच्याचा निकाल लागते. गावच्या भजनी मंडळाचा पुढारी इंद्रभान, चांगला उंचापुरा मानूस, तो एकदा अर्ध्या भजनातून उठला अन् हात जोडून म्हने, "काकूले आंधी उठवा बावा, मंग मी गातो."

गोजराबाईनं डोळे उघडलेच नाई. म्हने, "मले कायले उठवता? तुह्या सुराले उठोव. मघापासून निजून राह्यला तो."

अशी ते जीभ. अन् त्या जिभेची मालकीन सोता कशी गाते म्हनान, तं निरा फुटका डबा. आरती म्हनाले तोंड उघडलं का देवळाच्या कळसावरचे पाखरं उडते. तिले सोताले हे पक्कं ठाऊक हाये, म्हनून ते आरतीत नुसते ओठ हालोते. कोनी टोमना मारला तं तयार असते. "ज्याले सयपाक येते तो सोताच्याच भाजीले चांगलं म्हनते. मले नाई येत, म्हनून मले चव समजते."

कामरगावच्या रस्त्याले तिची अन् दौलतरावची भाजीची वाडी हाये. वांगे, मेथी, सांभार म्हंजे कोथिंबीर, कांद्याची पात. पहाटे गोजराबाई मेथी-सांभाराच्या जुड्या बांधाले बसते तं लिंबाच्या झाडाले पेन ड्राइव्हचा डबा लटकवते. पोरानं, धीरजनं, भरून देल्ला. तो म्हने, "माय, हजार गाने बसते याच्यात." ते म्हने, "मानसं किती चांगले गातात ते सांग. हजार कुठून आनतं?" तं त्या हजाराच्या पेन ड्राइव्हमंदी गाने बसले मोजून दोन जनाचे.

एक बाबूसिंग, कारंज्याचा बँडवाला. त्याचं क्लॅरनेट. नवरी वाटे लावाच्या टायमाले बाबूसिंग असा काही वाजवे का नवरीच्या बापाले रडाची गरजच पडत नसे, बाजा रडून घे. गोजराबाई म्हनते का चांगला वाजवनारा लोकाले नाचवत नाई, उभं ठेवते. भाचीच्या लग्नात लोकाइनं बाबूसिंगले सोडून डीजे आनला, तं ही बाई अक्षता पडाच्या आंधी मांडवातून उठली. एकटी नाई उठली. देल्लेला आहेर उचलून घेऊन आली! लुगडं बगलेत मारून सरळ एसटीत बसली. भाऊ अजून बोलत नाई तिच्याशी. ते म्हनते, "नोको बोलू. त्याचा आवाजही कायी बरा नाई."

अन् दुसरी शेवंताबाई शेलूकर. खंजेरीवर भजन म्हननारी. इथं मात्र गोजराबाईची जीभ मऊ होते, अन् ते पाहून घरचे घाबरते. शेवंताबाईचं एक गानं हाये, 'घागर बुडाली, दोर राह्यला हाती.' त्याच्यात 'दोर' या शब्दावर बाई जे वर चढे, तं चढतच राहे. गोजराबाईच्या सांगन्यापरमानं शेवंताबाईनं 'दोर' धरला तवा म्हशी नाल्यात होत्या, अन् तो खाली ठेवला तवा म्हशी गोठ्यात रवंथ करत होत्या. आता यातला किती दोर शेवंताबाईचा अन् किती गोजराबाईचा, ते आपन नोको मोजू.

पन याच गान्यावरून त्या घरात भिंत उभी राह्यली.

भिंतीच्या तिकडे राह्यते रंजीता, गोजराबाईची लहान जाऊ. तिचा पोरगा राजपाल, त्याचा डीजे अन् भोंग्याचा धंदा. आंगन एक, नळ एक, अन् दोघी जावा एकमेकीशी बोलत नाई. आता बायाइले अबोला झेपते का? तं त्याइनं मधात बकरी घेतली. गोजराबाईले रंजीताले जे म्हनाचं ते ते बकरीले सांगते, अन् रंजीता बकरीलेच जबाब देते. बकरी बिचारी पाला खाते.

सकाळी सकाळी राजपाल आंगनात डबे मांडून "हॅलो, चेक, चेक" करते. गोजराबाई बकरीच्या गळ्याखाली खाजवते. "सांग माय त्याच्या मायले. म्हना, हे गानं नाई होय, भिंतीले खिळे ठोकनं होय. माह्या घराचे टीन हालून राह्यले."

रंजीता भांडे आपटते. "बकरे, तिले सांग, तिच्या घराचे टीन नाई हालत, तिच्या डोक्यातले हालते."

"बकरे, म्हना, डोक्यात कायी असलं तं हालन ना वं! तिच्यात तं सारं सपाट हाये, भोंगा ठेवाले बरं!"

दौलतराव चहाचा कप घेऊन मांगच्या दारानं वाडीत निंगून जाते. लय शहाना मानूस.

तं भिंतीची गोष्ट. दोघी नव्या सुना होत्या तवाची. मारोतीच्या पारासमोर शेवंताबाईचं भजन ठेवलं होतं. बाया मांगं बसेल, पदर डोक्यावर. फर्माईश कराची तं बाईनं उठून थोडीच सांगाची! घरच्या मानसानं सांगाची, अन् त्यातही बाईचं नाव घ्याचं नाई. अमक्याची सून, तमक्याची लेक, असंच म्हनत. सासरे रामराव उठले, शेवंताबाईजवळ गेले, कायीतरी बोलले. अन् माइकवर शेवंताबाई म्हने, "रामरावजींच्या सूनबाईची फर्माईश हाये. तिच्यासाठी गातो, घागर बुडाली."

झालं. गोजराबाई म्हनते का दुपारी सासऱ्याले पानी देतानी तिनं सांगतलं होतं. रंजीता म्हनते का तिनं भाकर वाढतानी सांगतलं होतं. दोघीइनं सांगतलं असन, का एकीनंच, का कोनीच नाई अन् म्हाताऱ्यानं आपल्याच मनानं मागतलं असन, देव जाने. रामरावले इचारलं तं तो म्हने, "दोघीही माह्या सुनाच ना." असं गोड बोलून, घराचे दोन तुकडे करून, म्हातारा सुखानं मरून गेला.

दौलतराव एकदा म्हने, "अवं, एका गान्यापायी काहून इतकं? घेऊ दे तिले."

तवा गोजराबाई हातातला विळा खाली ठेवून म्हने, "मी या गावात आली तशी रामरावची सून. मंग दौलतची बायको. मंग धीरजची माय. या वांग्याच्या ढिगावर बसली तं 'ओ वांगेवाली.' एका डाव एका मोठ्या बाईनं साऱ्या गावासमोर माह्यासाठी तोंड उघडलं. तेही वाटून देऊ?"

दौलतरावनं विळा उचलून तिच्या हातात देल्ला.

अन् या साली हनुमान जयंतीच्या आंधी इंद्रभान आंगनात येऊन उभा राह्यला. म्हने, "काकू, शेवंताबाई कामरगावले लेकीच्या घरी येऊन राह्यल्या. आता कुठी गायले जात नाई त्या. मी हात-पाय जोडले. जयंतीले सकाळच्या भजनात दोन गाने म्हनतो म्हने."

गोजराबाईच्या हातातली जुडी सुटून मेथी सांडली. तिकडून रंजीताच्या हातातलं टोपलं पडलं. बकरीच्या दोन्हीकून दोघी इंद्रभानवर आल्या.

"मंग तिलेच इचारू!" गोजराबाई.

"इचारू ना! कोन भेते?" रंजीता. बकरीले न इचारता, सरळ.

"साऱ्याइच्या समोर इचारू. मंग तोंड कुठी लपोसीन वं?"

"तुह्या पदरात लपवतो वं! आंधी आपलं पाह्य."

इंद्रभान म्हने, "बाया हो, तिले गायले बोलावलं, पंचायतीले नाई." पन त्याचं कोन आयकते?

जयंतीच्या दिवशी जनम झाला, सुंठवडा वाटला, अन् जीपमधून शेवंताबाई उतरल्या. काठीनं चालून राह्यल्या, लेकीचा हात धरेल. मोठं कुंकू, पांढरं लुगडं, अन् आंग असं वाळेल का खंजेरीच जड वाटावी. इंद्रभानच्या ओट्यावर त्याइले चहा देल्ला. त्याइनं बशी तोंडाले लावली नाई का दोघी जावा दोन बाजूनं येऊन बसल्या. नवरा-नवरीच्या करवल्या बसते तशा.

"बाई," गोजराबाई म्हने, अन् तिचा आवाज मंदिरात बोलल्यावानी झाला, "लय जुनी गोष्ट हाये. या पारासमोर तुमी 'घागर बुडाली' गायल्या. रामरावच्या सुनेची फर्माईश म्हनून. आठोते का? ते सून मी होय का ही?"

शेवंताबाईनं एकीकडे पाह्यलं, दुसरीकडे पाह्यलं. चहाचा घोट घेतला. "बायाओ, मी गावोगाव गायली. रोज कोनाच्या ना कोनाच्या सुनेची फर्माईश राहे. सून काळी का गोरी, मले थोडीच दिसे? तुमी मांगं बसत, पदर घेऊन. चहात साखर जास्त झाली, इंद्रभान."

दोघीइचे तोंड पाहन्यासारके झाले. इतके वर्सं ज्या कोर्टात केस चालली, त्या कोर्टानं फाइलच फेकून देल्ली.

रंजीता हासली. ते हासनं वाईट होतं. "नाई आठोत तं नाई आठोत. म्हंजे जशी होती तशी. माही."

इथं गोजराबाईनं जे केलं ते दुसरं कोनी करत नाई. ते शेवंताबाईच्या पायापाशी सरकली. "मंग आज गा. तेच गानं. अन् माइकवर नाव घ्या. रामरावची सून नोको. गोजराबाई म्हना."

शेवंताबाईनं बशी खाली ठेवली. "ते नोको, बाई. ते लय उंच हाये. आता मी खालचे दोन अभंग म्हनतो, साधे. तुह्या नावानं म्हनतो, जा. पन दुसरं सांग."

"तेच."

"अवं, आवाज पोचत नाई आता."

"तुमचा पोचत नाई असं होतच नाई," गोजराबाई म्हने. आता ज्या बाईले साऱ्या गावाच्या गळ्यातली खोट दिसते, तिले समोर बसेल म्हातारीचा थरथरता गळा दिसला नाई? दिसला. पन तिले त्या टायमाले आपलं नाव आयकू येत होतं, बाकी कायी नाई. तिनं इंद्रभानकडे पाह्यलं. तिची ते नजर इंद्रभानले ओळखीची होती. तो पारावर गेला अन् माइकवर बोलूनच मोकळा झाला, "आता शेवंताबाई शेलूकर, गोजराबाईच्या फर्माईशीवरून, 'घागर बुडाली'!"

गाव उभं असतानी म्हातारी नाई कशी म्हनन? लेकीनं धरून पारावर बसवलं. राजपालनं माइक तोंडाजवळ आनला. अन् माइकवर शेवंताबाई म्हने, "गोजराबाईसाठी."

मांगं बसेल गोजराबाईनं डोक्यावरचा पदर मांगं ढकलला अन् मान वर करून बसली. एवढी ताठ बाई लग्नातही बसली नसन.

पयला तुकडा बरा गेला. घागर पान्यात गेली, बायाइनं माना हालोल्या. खंजेरी अजून तशीच बोलत होती, बोटात जीव होता. अन् मंग 'दोर' आला.

शेवंताबाई चढाले लागल्या. अर्ध्यात आवाज फाटला, जुनं धोतर फाटते तसा, चर्रकन. त्याइनं पुन्हा धरला. पुन्हा निसटला. मंग सूर खाली पडला, अन् पडला तो भलत्याच ठिकानी, खंजेरी एकीकडे अन् बाई दुसरीकडे. पोट्टे हासाले लागले. राधिका, गोजराबाईची सून, मोबाइल धरून रेकॉर्ड करत होती, तिनं हळूच तो खाली केला. अन् साऱ्या बायाइनं एकदम मान वळवून गोजराबाईकडे पाह्यलं. ते दाढ दुखल्यावानी तोंड पाहाले.

ते झालं नाई. गोजराबाईचे डोळे उघडे होते अन् तोंड दगडासारकं.

शेवंताबाईनं गानं तसंच ओढून नेलं अन् संपोलं. टाळ्या कमी पडल्या. रीतीपरमानं ज्याची फर्माईश त्याच्या घरच्या बाईनं ओटी भराची. गोजराबाई खन-नारळ घेऊन पारावर गेली. ओटीत नारळ ठेवतानी ते वाकली अन् कानाशी म्हने, "बाई, आता नोका गात जाऊ. तुमचं नाव खराब होते."

शेवंताबाईनं वर पाह्यलं. म्हातारी असली तरी डोळे चाकूवानी. "मले नाई ठाऊक? मी तं म्हनलंच होतं, खालचं गातो. तुह्या नावाच्या हावेपायी माह्या साऱ्या जलमाच्या गान्यावर पानी फिरलं. आता नाव झालं ना तुहं? जाय. मिरोव."

पारावरून उतरतानी गोजराबाईले पायऱ्या दिसल्या नाई. हात धरून दौलतरावनं उतरवलं. म्हने, "काय म्हनल्या बाई?" ते म्हने, "आशीर्वाद देल्ला."

मंग पंगती बसल्या. रोडगे, वरन, वांग्याची भाजी. वांगे गोजराबाईच्याच वाडीतले. शेवंताबाईले पयल्या पंगतीत, देवळाच्या सावलीत बसोलं. अन् रंजीता हातात पत्रावळ घेऊन, पायरीपाशी उभी राहून, गावाले आयकू जाईन एवढ्यानं बोलाले लागली.

"चला, बरं झालं. निकाल लागला. तवा चांगली गायली ते माही फर्माईश. अन् आज हे बेसूर गायली, ते हिची. माइकवर नाव घेतलं ना? साऱ्याइनं आयकलं ना? घे वं, घेऊन जाय आपली घागर!"

बाया हासल्या. एक-दोन मानसंही हासले. इंद्रभान हासला तं त्याले हासाचा हक्कच होता.

गोजराबाई भाजीची बादली घेऊन वाढत होती. ते थांबली. "बेसूर कोन म्हनते?"

"मी म्हनतो."

"तुह्या कानात तुह्या पोराच्या भोंग्याचा मळ साचला. तुले काय समजते?"

"मले नोको समजू दे. तू सांग. तुले तं देवाच्या बापाचाही सूर दिसते. सासऱ्याच्या तेरवीले कीर्तनकार बुवाले तू मधातच बसोलं होतं. होती का सुरात? खरं सांग."

"होती."

"कोनती होती वं? 'दोर' कुठी गेला मंग?"

"जिथं जाले पायजे तिथं गेला. तू खाली होती, तुले दिसला नाई."

"असं?" रंजीता पायरीकडे बोट करून म्हने. "मारोतीच्या पायरीवर हात ठेव. आज त्याचा दिवस हाये. हात ठेवून म्हन, सुरात होती. मंग मी उभ्या जलमात ते फर्माईश माही म्हननार नाई. तुहीच म्हनीन. दोन्ही तुह्या."

आता हासनं थांबलं. धनजमंदी त्या पायरीवर हात ठेवून कोनी खोटं बोलत नाई. वावराच्या बांधाचे भांडनं तिथं सुटते. अन् समोर शेवंताबाई बसेल, रोडग्याचा तुकडा हातातच, मान खाली घालून. तिनं वर पाह्यलं नाई. पन तिचं जेवनं थांबलं होतं, ते साऱ्याइले दिसत होतं.

दौलतराव मांगून म्हने, "राहू दे, गोजरा. नोको."

गोजराबाईनं बादली खाली ठेवली. चैताच्या उनानं पायरी तव्यावानी तापेल. तिनं पंजा पुरा पसरून ठेवला, अन् काढला नाई.

"सुरात होती," ते म्हने. "पयल्यापासून शेवटपर्यंत. अन् जो बेसूर म्हनन त्याचे कान झडो."

"खोटारडी!" रंजीताचा आवाज चिरकला. "देवाच्या दारात! देवा पाह्य रे, पाह्य हिले!"

"हो, बोलाव. येऊ दे त्याले. त्यालेही वाढतो."

"सुराच्या बाबतीत तू कवा खोटं बोलली नाई वं," रंजीता म्हने, अन् या डाव तिच्या बोलन्यात शिवी नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. म्हनून गोजराबाईले ते जास्त झोंबलं.

"तू आपल्या जागेवर बस. पंगत खोळंबली."

शेवंताबाईनं रोडग्याचा तुकडा वरनात बुडवला अन् खाल्ला. कोनाकडे पाह्यलं नाई. गोजराबाईनं लाल झालेला हात पदराले पुसला, बादली उचलली अन् रांगेनं भाजी वाढत निंगाली. शेवंताबाईले दोन डाव वाढली. बाजूच्या म्हातारीले वाढली, राधिकेले वाढली, इंद्रभानले हासल्याबद्दल निरा रस्सा, फोड एकही नाई, असा वाढला. अन् रंजीतानं पत्रावळ समोर केली, तं तिले वलांडून सरळ पुढच्या पत्रावळीवर गेली.